गुडघ्यातली अरुंद खाच

दहावीत असताना आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावच्या मैदानावर खो-खो खेळताना मी खांबापाशी गर्रकन वळले अन् उजव्या गुडघ्यात कट्कन वाजलं. कुणी ढकललं नव्हतं की काही नव्हतं. हिंगोलीला फोटो काढला. हाड शाबूत. झालं! खेळाचे सर म्हणाले, "नाटकं करून राहिली." आईनं एरंडाच्या पानानं शेकलं. पुढं सात-आठ वर्षं साधं चालतानाही गुडघा निसटायचा, अन् वळायलाच चुकले म्हणून मी स्वतःला शिव्या घालायचे.

मग नांदेडच्या डॉक्टरांनी मशीनमध्ये घालून पाहिलं. आतलं लिगामेंट कधीचंच तुटलेलं होतं. ते म्हणाले, "मांडीच्या हाडातली खाच अरुंद आहे, अन् नडगीच्या हाडाचा माथा मागं जास्त उतरता. अशा घडणीत लिगामेंट तुटायचा धोका जरा जास्त. तुटेलच असं नाही." म्हणजे चूक माझी नव्हती. आनंद व्हायला हवा होता. काहीच झालं नाही. केळी घेतली अन् एस.टी.त बसले.

आबा, म्हणजे माझे वडील, शेळ्या-मेंढ्यांतला माणूस. बाजारात बोकड घेताना चालवून, मागून पाय बघणार. माझं ऐकून त्यांनी आम्हा दोघी बहिणींना अंगणात तसंच चालवलं. म्हणाले, "दोघींची घडण एकच हाये. बराबर माह्यावानी." आता आतली खाच काय पाठीमागून दिसते, कप्पाळ! पण मला ते पटलं. धाकटी खो-खोत माझ्याहून चपळ होती. विभागाच्या संघात तिची निवड झाली होती, अन् आठ दिवसांनी तिला जायचं होतं.

डॉक्टर काय म्हणाले ते मी तिला सांगितलं. 'तुटेलच असं नाही' हे तेवढं गाळलं.

तिनं विचारलं, "अक्का, तुला आधी कुणी सांगितलं असतं, तर तू खेळली नसती?"

खेळले असते. पाय मोडला असता तरी खेळले असते.

"न्हाई," मी म्हणाले. "काहून खेळू?"

दुसऱ्या दिवशी तिनं सरांकडं जाऊन नाव काढून घेतलं. रडली नाही, भांडली नाही. आबांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

आता तिला दोन लेकरं आहेत. शेतात दिवसभर वाकते, डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालते, गुडघा कधी कुरकुरला नाही. दिवाळीला आली की चारचौघांत सांगते, "अक्कानं वाचवला माझा गुडघा, न्हाईतर मीबी लंगडत राहिले असते."

खरं सांगायला मी तोंड उघडते, अन् म्हणते, "चहा निवून राहिला, पी."