आमच्या घराण्याचं उघडं तोंड

आमच्या घरात सगळ्यांची तोंडं उघडी असत्यात. बोलायला न्हाई, नुसतीच. माझा बा तसा झोपायचा, चुलता तसाच टीव्ही बघायचा, आन् माझ्या लग्नाच्या फोटूत मी असा उभा हाय, जणू फोटोवाल्यानंच मला काय वाईट बातमी दिलीय. त्यामुळं आमची पोरगी तोंड उघडं टाकून झोपाय लागली, तवा मला लय अभिमान. पावण्यांना बोलावून दाखवायचो. "बघा, रक्त हाय माझं."

मी कराडच्या बाजूला गुऱ्हाळावर गुळव्या हाय. उसाचा रस आटवायचा, गूळ कवा उतरायचा त्ये सांगायचं, एवढंच काम. शाळेचं आन् माझं जमलं न्हाई. म्हणून शाळेतल्या बाई म्हनल्या, पोरगी वर्गात पेंगती, हाक मारली तर बघत न्हाई, तवा त्ये बी मी माझ्याच खात्यावर घेतलं.

बायकोला मात्र हे पटत नव्हतं. ती साताऱ्याची, फौजीची पोरगी. एकदा बोलली की हुकूम. "आवं, सर्दी नसताना बी हिचं नाक बंद असतंय. झोपेत घोरती, मधीच श्वास थांबतोय, मग दचकून घेती. मान मागं टाकून झोपती."

"माझं बी तसंच हाय की," मी म्हनलं.

"म्हणून तर काळजी वाटती."

मग मी माझी डॉक्टरकी काढली. निखाऱ्यावर हळद टाकून पोरीला धुरी दिली. हळद जरा जास्त पडली. पोरगी खोकत पळाली, म्हस दावं तोडाय लागली, आन् शेजारचा पाण्याची बादली घिऊन आमच्या दारात. त्यानं विचारपूस केली न्हाई, सरळ ओतली. माझ्यावर.

त्याच आठवड्यात बायकोनं आमाला दोघांना गाडीवर घालून सांगलीला कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडं न्हेलं. तिनं मोबाईलवर पोरीच्या झोपेचा व्हिडिओ घेतला व्हता. बाईंनी तो कानाला लावला, कपाळाला आठ्या पडल्या.

"यात मुलगी कुठली?"

"त्यो मोठा आवाज ह्यांचा," बायको म्हनली. "त्याच्या खाली बारीक हाय, ती पोरगी."

बाई हसल्या, पण पुढं त्यांनी व्हिडिओ तीनदा ऐकला. डोळं मिटून. माझा सगळा गोंगाट बाजूला सारून त्या पोरीचा श्वास हुडकत व्हत्या, आन् जिथं थांबला तिथं बोट वर करायच्या. मला गुळाची उकळी ऐकून कळती, पण हे काम न्यारंच व्हतं. मग मशिनीत नाकाच्या आतला फोटू काढला, कान तपासलं.

नाकाच्या मागं, घशाच्या वर, मांसाची एक गादी असती म्हनं. लहानपणी सगळ्यांनाच असती, मोठेपणी आपोआप बारीक हुती. पोरीची एवढी वाढलेली की वाटच बुजलेली. मग श्वास तोंडानं. कानाची नळी बी तिथंच उघडती, ती तुंबून कानात पाणी साठलं, म्हणून हाक ऐकू जाईना. आन् तोंड कायम उघडं राहिलं की जीभ खाली पडती, वरचा जबडा अरुंद राहतोय, टाळू वर चढतीय, चेहरा लांबट हुतोय, दात पुढं येत्यात. एवढं सांगून बाई माझ्याकडं बघत राहिल्या.

"तुम्हाला लहानपणी कुणाला दाखवलं होतं का?"

"कुणाला काय दाखवायचं बाई? सगळ्यांचंच तसलं."

"मग हे घराण्याचं न्हाई?" बायकोनं विचारलं.

"थोडं घराण्याचं असेलही. पण थोडं श्वासाचं आहे, आणि तेवढं आपल्याला बघता येईल."

ह्ये मला कळलं. गूळ गरम हाय तवर साचा दील तो आकार घेतोय. गार झाल्यावर घाव घातला तर ढेप फुटती, आकार काय बदलत न्हाई. मी गार झालेली ढेप. पोरगी अजून गरम हाय.

आदी नाकात मारायचं औषध दिलं. थोडा फरक पडला, पण श्वास थांबायचा काय थांबंना. मग बाई म्हनल्या, ऑपरेशन करू. चेहरा लगीच बदलायचा न्हाई, दातांच्या डॉक्टरकडं जावं लागंल, पण श्वास मोकळा हुईल, कान उघडंल. बेशुद्ध करणार म्हनल्यावर माझी गाळण उडाली. एवढीशी पोर, उठलीच न्हाई तर? बाहेर येऊन बायकोला म्हनलं, "मोठी झाल्यावर बारीक हुतंय म्हनल्यात की. थांबू."

"तुमी मोठं झालाय की. मिटलं का तोंड?"

मी सही केली.

ऑपरेशन झालं. दुपारी पोरीला खाटंवर आणून कुशीवर निजवलं. ती झोपली, आन् थोड्या वेळानं मी कान दिऊन ऐकलं. आवाजच येईना. घोरणं न्हाई, दचकणं न्हाई. ओठाला ओठ लागलेला. मी पळत सुटलो. "सिस्टर! पोरीचा श्वास बंद पडला!"

सिस्टर धावत आली. बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा बघितला, पोरीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "अहो, ती नाकानं श्वास घेतीय."

सगळा वॉर्ड हसला. बायको हसली न्हाई. तिनं पोरीच्या नाकाखाली बोट धरलं. बराच वेळ धरलं. मग दुसरा हात पोरीच्या छातीवर ठेवला, खाली बसली, खाटंच्या लोखंडी दांडीला डोकं टेकलं आन् तशीच झोपली.

लग्न झाल्यापासनं हिला दिवसा झोपलेली मी बघितली नव्हती. त्यो छातीवरचा हात बघितला आन् मला उमगलं. असाच हात ठेवून ही रोज रात काढत व्हती. श्वास थांबला की हलवायची, चालू झाला की परत वाट बघायची. किती महिनं, कुणास ठावं. शेजारी मी घोरत पडल्यालो, आन् त्या गोंगाटातनं ही पोरीचा श्वास ऐकत व्हती.

तेवढ्यात सिस्टर परत आली. "काका, डॉक्टरांचा राउंड आहे, नातेवाईक बाहेर थांबा. ताईंना उठवा."

"मला हाकला," मी म्हनलं. "बाहेर काढा, पायरीवर बसतो. हिला नगा उठवू."

सिस्टरनं बायकोकडं बघितलं, पोरीकडं बघितलं, आन् पडदा हळूच ओढून घेतला.