गुणवंतीची आरोळी

समुद्रकाठच्या भाट्ये गावातल्या एका जांभ्या दगडाच्या बंगल्यात मी, मुलगा, सून आणि नात असे आम्ही चौघं चार दिवस राहिलो. दीडशे वर्षांपूर्वी कुणा बंदर-अधिकाऱ्यासाठी बांधलेला. छत इतकं उंच की खोकलो तरी रंगमंचावर उभा असल्यासारखं वाटे. व्हरांड्यात फलक: ‘स्वयंपाक आपला आपण करावा.’ किल्ल्या गुणवंतीकडे.

गुणवंती पासष्टीची. पस्तीस वर्षं डोक्यावर टोपली घेऊन तिने दारोदार मासे विकले. दोन वर्षांपूर्वी गुडघे गेले, तेव्हा तिच्या मुलाने, केतनने, ही बसून करायची नोकरी लावून दिली.

“आता मी कुलपाची बाई,” ती म्हणाली. “गिऱ्हाइकं इसारली असतील मला.”

हसून म्हणाली, पण मी उभा जन्म नाटकात काढलेला माणूस. शेवटच्या प्रयोगानंतर असं हसू मी आरशात पाहिलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नातीला, पूर्वीला, घेऊन मी मिरकरवाडा बंदरावर गेलो. मासळीचा लिलाव रंगात आला होता. तेवढ्यात मला टेकडीवरचा किल्ला दिसला आणि तो पूर्वीला दाखवायला मी हात वर केला. सवयीने, शेवटच्या रांगेलाही दिसेल असा. लिलाववाल्याला वाटलं, म्हाताऱ्याने बोली लावली. बांगड्यांची अख्खी टोपली आमची झाली!

बंगल्यावर टोपली उतरताच सूनबाईने, श्रुतीने, कपाळावर हात मारला. गुणवंती पोट धरून हसली.

“काय ओ आजोबा, गावजेवण घालताव काय?”

मग तिने एका बांगड्याचे कल्ले उघडून पाहिले. “म्हावरं ताजं हाय. पन बांगडा थांबत नाय. दुपारपर्यंत संपाया पायजे.”

“मग तूच वीक.”

“मी? कोन येनार आता माझ्याकडं?”

“हाक तर मार!”

फाटकाशी खुर्ची मांडून आम्ही तिला बसवलं. पहिली हाक रस्त्यापलीकडेही पोचली नाही.

“पोटातून,” मी म्हणालो.

“मला शिकवताव?” ती भडकली, आणि त्याच रागात तिने आरोळी ठोकली, “बांगडंऽऽ घ्या, बांगडंऽऽ!” नारळांवरचे कावळे उडाले.

कुणीच आलं नाही. गुणवंतीने पदराने तोंड पुसलं आणि टोपली झाकायला घेतली.

एवढ्यात मागच्या आळीतून करुणाबाई, शाळेतल्या मास्तरीण, पातेलं घेऊन धावत आल्या. “गुणवंती! होतीस कुठं गो दोन वर्षं?” त्यांच्यामागे आणखी पाच-सहा पातेली.

आमच्या वाटणीच्या बांगड्यांची आमटी श्रुतीने केली. फलकाचा मान राखून गुणवंती उंबऱ्याबाहेरूनच हुकूम सोडत होती, “तिरफळं ठेचून घाल गो!” जेवायला मात्र आम्ही तिला हाताला धरून आत आणलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी रिक्षा उभी. आत मांडीवर रिकामी टोपली घेऊन गुणवंती. किल्ल्या तिने श्रुतीच्या हातात दिल्या.

“बंदरावर जाऊन येते. फिरायचं नाय, हितंच बसून विकीन.”

मीही चप्पल पायात सरकवली. तिने रिक्षातून मान बाहेर काढली.

“आजोबा, येताव तर या. पन हात खिशात ठेवा!”