ब्रेकबाईंना सोडून गेलेली बोट

गाडी शिकवणाऱ्या बाईंचं खरं नाव शिकणाऱ्यांपैकी कुणालाच आठवत नसे. सगळा गाव त्यांना ब्रेकबाई म्हणायचा. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, आणि बाईंचा पाय आयुष्यभर त्यावरच होता. आपण चुकणार हे आपल्याआधी बाईंच्या पायाला कळतं, असं शिकलेले लोक सांगत. बस, रुग्णवाहिका, दुधाची गाडी, गावात जे कुणी चाक फिरवत होतं त्यातले निम्मे त्यांच्या हाताखालून, खरं तर पायाखालून, गेलेले. त्या पायाचा गुडघा मात्र आता कुरकुरायला लागला होता.

बाईंनी लग्न केलं नाही. आई गेली तेव्हा धाकटी बहीण शाळेत होती. तिला वाढवलं, तिचं लग्न लावून दिलं, पुढे तिचा नवरा अचानक गेला तेव्हा तिच्या घरी जाऊन महिनोन् महिने राहिल्या. धाकटीला मुलगी एकच, तीही लग्न होऊन दूर गेलेली. तेव्हा एकमेकींना दोघीच.

बोटीच्या सफरीची टूम धाकटीचीच.

"ताई, एकदा तरी अशा गाडीत बस, जिला तुझ्या पायाची गरज नाही."

हे वाक्य बाईंना इतकं आवडलं की त्यांनी ते भेटेल त्याला ऐकवलं. रुंद काठाची टोपी घेतली. ती डोक्यावर घालून आरशात पाहिलं आणि आपल्याच रूपाला हसल्या. त्या आठवड्यातल्या सगळ्या शिकवण्या पुढे ढकलल्या. "बाई निघाल्या समुद्रावर, आता माशांनासुद्धा सिग्नल पाळावे लागणार," असं कुणीतरी म्हणालं, तर त्याही पोट धरून हसल्या.

आणि मग ते चक्रीवादळ आलं. गावात नुसता वारा झाला, चार झाडं आडवी पडली. पण ज्या बंदरातून बोट निघायची, त्याची पार दशा झाली. धक्का मधोमध खचला, प्रवाशांच्या इमारतीचं छप्पर उडून समोर उभ्या गाड्यांवर जाऊन बसलं. बाई टीव्हीसमोर बसून ते पुन्हा पुन्हा बघत राहिल्या.

तिकिटं धाकटीने काढली होती, त्यामुळे कंपनीचे फोन तिलाच यायचे.

"आज काय म्हणाले?" बाई रोज विचारायच्या.

"कळवू म्हणाले."

"कालही तेच म्हणाले होते."

"त्यांना तरी कुठे ठाऊक आहे, ताई?"

एकदा धाकटी म्हणाली, बोट बहुतेक वरच्या अंगाच्या दुसऱ्या बंदरातून निघेल, पण नक्की काही नाही. बाईंच्या अंगात वीज संचारली. "तो रस्ता मला पाठ आहे. मीच नेते तुला. पहाटे निघू, वाटेत एकदा थांबू, माझा गुडघा मोकळा करू, की पोचलोच." धाकटीने विषयच बदलला. चिंतेत असेल बिचारी, असं बाईंना वाटलं.

त्यानंतर एका दुपारी ती दारातच उभी राहून म्हणाली, "ताई, रद्द झालं गं सगळं." आणि रडायला लागली.

स्वतःचं दुःख गिळून बाईंनी तिला जवळ घेतलं. "अगं, रडतेस काय? बंदर काही पळून जात नाही. म्हणजे, थोडं गेलंय, पण बांधतील की!" धाकटी हसलीही आणि आणखी रडलीही. मग म्हणाली, जरा लेकीकडे जाऊन येते, इथे मन लागत नाही. जाताना आपला कुत्रा बाईंकडे ठेवून गेली. सारखा गुणगुणल्यासारखा आवाज काढायचा म्हणून त्याला भुंगा म्हणत.

दोन दिवसांनी पेट्रोल पंपावर बाईंना त्यांचा जुना विद्यार्थी भेटला. बस चालवायचा. गालावर हे एवढे कल्ले, म्हणून कल्लेवाला.

"बाई, उद्या पुढची सीट तुमच्यासाठी धरून ठेवलीय. पाय लांब करता येईल."

"कसली सीट रे?"

"बोटीच्या बसची! कंपनीने आमच्या गाड्या लावल्यात ना, सगळ्यांना त्या दुसऱ्या बंदरावर न्यायला. तुमच्या बहिणीचा फोन आला होता, बस कुठून सुटते विचारायला."

उभ्या जागी बाईंचा पाय जमिनीवर दाबला गेला. "कधी सुटते?" एवढंच त्यांनी विचारलं.

घरी आल्यावर मात्र त्यांच्या मनाने भलतीच उडी घेतली. सफर पुन्हा ठरली असेल. धाकटीला आपल्याला चकित करायचं असेल. लहानपणी वाढदिवसाला असलेच उद्योग करायची ती! बाईंनी बॅग भरली. टोपी वर ठेवली. बस लागू नये म्हणून घ्यायच्या गोळ्याही घेतल्या, कारण धाकटीला प्रवासात उलट्या व्हायच्या. सकाळी भुंग्याला गाडीत शेजारी बसवून त्या बसच्या थांब्यावर गेल्या. कुत्र्याचं पुढे काय करायचं याचा विचारसुद्धा त्यांनी केला नव्हता.

धाकटी बसच्या पायरीपाशी उभी होती. शेजारी तिच्या विहीणबाई, म्हणजे लेकीच्या सासूबाई, हातात पर्स घेऊन. भुंगा खिडकीतून उडी मारून धावत सुटला आणि धाकटीच्या पायांत घोटाळायला लागला. तिने आधी कुत्र्याकडे पाहिलं, मग हळूच वर.

विहीणबाईच पहिल्यांदा बोलल्या. "अहो, तुम्ही! बरं वाटतंय का आता? तुम्ही आजारी पडलात म्हणून तर मला यावं लागलं."

म्हणजे एक नाही, दोन थापा. बाईंनी मान हलवली. "बरी आहे मी. ठणठणीत."

विहीणबाई काय ते उमजून आत जाऊन बसल्या.

"ताई, मी सांगणारच होते," धाकटी म्हणाली.

"कधी? समुद्रातून?"

"इतका लांबचा बसचा प्रवास, तुझा गुडघा..."

"गुडघ्याला मध्ये आणू नकोस. खरं बोल."

धाकटीने कुत्र्याला उचलून छातीशी धरलं. "मी काही करायला गेले की तुझा पाय दाबला जातो, ताई. मी जिना उतरले तरी. हे नको खाऊस, तिथे नको उभी राहूस. मला एकदाच तुझ्याशिवाय कुठेतरी जायचं होतं."

कल्लेवाला आधीच स्वच्छ असलेला आरसा पुसत राहिला.

"मग तसं सांगायचं होतंस," बाई म्हणाल्या. "मी चिडले असते, चार दिवस फुगून बसले असते. पण तुला सोडायला आले असते. तू मला बुडालेल्या बोटीसाठी रडवलंस गं, आणि बोट बुडालीच नव्हती. तू माझ्या गळ्यात पडून रडलीस, ते तरी काय होतं?"

"ते खरं होतं."

"मग जास्तच वाईट."

बसने हॉर्न दिला. "विचारू का कुणाला? अजून एखादी जागा..." धाकटी घाईघाईने म्हणाली.

"नको. माझी जागा भरलीय."

बाईंनी कुत्रा परत घेतला. मग बसच्या खिडकीपाशी जाऊन गोळ्या विहीणबाईंच्या हातात दिल्या. "हिला पुढे बसवा. वळणावर पोटात ढवळतं तिच्या."

परतीच्या वाटेवर कालव्याच्या कडेला त्यांनी गाडी थांबवली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून ढसाढसा रडल्या. लहानपणी धाकटीला सायकल शिकवताना आपण मागून सीट घट्ट धरून ठेवायचो, सोडायचोच नाही, हे त्यांना आठवलं. धाकटीचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. म्हणून काही कमी दुखलं नाही.

धाकटी परत आली ती उन्हाने काळवंडून, शंखांची माळ घेऊन. पहिले दोन दिवस समुद्र खवळलेला होता, सगळे आडवे पडले होते, असं हसत हसत सांगायला लागली. बाईंनी माळ घेतली. धुतलेला, विंचरलेला कुत्रा तिच्या हवाली केला.

"राग गेला का गं, ताई?"

"राग केव्हाच गेला."

आणि ते खरंही होतं. धाकटी अजून येते, दोघी जेवतात, भांडतात, जुन्या गोष्टींवर हसतात. फक्त धाकटी "उशीर झाला, बस चुकली" म्हणाली की बाई "बरं" म्हणतात, आणि ती गेल्यावर कल्लेवाल्याला फोन करून विचारतात, आज बस वेळेवर होती का.