पाचवा माणूस

लसीकरणाच्या खोलीतल्या सिस्टरना सगळे पाठीमागे ‘फ्रीजबाई’ म्हणत. सकाळी पर्स खाली ठेवण्याआधी त्या लसींच्या फ्रीजचं तापमान तक्त्यावर लिहीत, आणि मगच पंखा लावत. एकवीस वर्षांत त्यांच्या हातून लसीचा एक थेंब वाया गेला नव्हता. धनुर्वाताच्या इंजेक्शनाला आलेल्या पोटच्या लेकीलाही त्यांनी रांगेत उभं केलं होतं.

“अगं आई, मी तुझ्याच घरात राहते ना!”

“घरात रांग नाही. इथे आहे.”

परदेशी जाणाऱ्यांना पीतज्वराची लस फक्त शुक्रवारी मिळे. एका कुपीत पाच जणांची लस. एकदा फोडली की काही तासांत संपवायची, नाहीतर फेकायची. म्हणून पाच माणसं जमल्याशिवाय कुपी फुटत नसे.

त्या शुक्रवारी साडेदहापर्यंत चार आली. चौथा वेल्डर. त्याला बोटीवर काम मिळालं होतं, आणि विमान अकरा दिवसांवर. लस घेतल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो. म्हणजे आज नाही, तर नोकरी गेली.

“महिनाभर काय झोपला होतात?”

“एजंट म्हणाला, विमानतळावर टोचतात.”

“विमानतळावर चहा मिळतो. लस इथे मिळते.”

यादीतलं पाचवं नाव एका निवृत्त मास्तरांचं. सिस्टरनी फोन लावला. “निघालोच,” मास्तर म्हणाले. साडेअकराला “चपला घालतोय.” सव्वाबाराला, “बाई, ऊन फार आहे हो. हिचं म्हणणं पुढच्या शुक्रवारी जावं. आमचं जाणं काय, दिवाळीनंतरच.”

सिस्टरनी फोन असा ठेवला की टेबलावरची सुयांची पेटी हलली.

तेवढ्यात वेल्डर फाटकाबाहेरच्या चांभाराला हाताला धरून घेऊन आला. “हे घ्या सिस्टर, पाचवा!”

“कुठल्या देशी निघालात?”

“कुठे नाही, बाई. हा म्हणाला, जरा बसून ये.”

“सुई म्हणजे काय झोपाळा आहे, कुणीही येऊन बसायला? पासपोर्टाशिवाय ही लस देता येत नाही. जा, दुकान उघडं टाकून आलात!”

चांभार सुटलो म्हणत पळाला. वेल्डर खाली मान घालून बाकावर बसला. एक वाजला. दीडला खिडकी बंद होणार. बाकीचे तिघे म्हणाले, आम्ही पुढच्या आठवड्यात येऊ, आमचं काही अडत नाही.

“बसा!” सिस्टर ओरडल्या. “आता कुणी हललं तर बघा!”

आणि त्यांनी कुपी फोडली. चौघांना टोचलं. दीड वाजता उरलेला एक डोस त्यांनी स्वतःच्या हातानं कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकला. नोंदवहीत ‘वाया’च्या रकान्यात आयुष्यात पहिल्यांदा एक आकडा लिहिला. ‘कारण’ या रकान्यापाशी पेन बराच वेळ थांबलं. मग लिहिलं: पाचवा आला नाही, चौथ्याला थांबता येत नव्हतं.

“सिस्टर, तुमचे उपकार—”

“उपकार राहू देत. सोमवारी मोठ्या डॉक्टरांसमोर उभं मला राहायचंय. तुम्ही दाखल्यावरचं स्पेलिंग तपासा आधी. चुकलं तर मी दुसरी कुपी फोडणार नाही!”