झाकणाशिवाय टब द्यायचा नाही!

आठव्या दिवशी नळ येणाऱ्या गावात हॉट टब विकायला बसलं, की किस्से जमवावे लागत नाहीत. जमवावं लागतं ते पाणी. किस्से आपोआप साचतात!

मी अकोल्याच्या एका सॅनिटरी शोरूममध्ये होते तेव्हाची गोष्ट. पदरात दोन वर्षांची मुलगी, हातात एम.एस्सी.ची डिग्री, आणि काम काय, तर लोकांना 'घरासाठी योग्य हॉट टब' निवडून देणं. त्या वर्षांत पेपरचं पहिलं पान वाचवत नसे; कापसाच्या गावांतून रोज एक वाईट बातमी. आणि त्याच पेपरच्या शेवटच्या पानावर आमची जाहिरात : फेसाळत्या पाण्यात हसणारं जोडपं! मी पेपर घडी करून टेबलाखाली सरकवायची. पगार मात्र घ्यायची.

*

वरूडचे एक संत्र्याचे व्यापारी सहकुटुंब आले.

"किती माणसं बसणार?" मी विचारलं.

"अकरा."

"सर, मोठ्यात मोठा टब सहा जणांचा येतो."

"मंग काय झालं? दोन खेपा करू!"

मी आणखी काही बोलायच्या आत सहा जण चपलांसकट कोरड्या टबात जाऊन बसले. मधोमध आजी, डोक्यावर पदर. चांगली पाच मिनिटं बसून आजींनी निकाल दिला, "बसाले झकास हाय. पाणी कायले टाकता याच्यात?"

*

अमरावतीच्या एका प्राध्यापकांना टब गच्चीवर हवा होता. मी म्हटलं, "भरलेला टब मोटारीपेक्षा जड होतो सर. आधी इंजिनिअरला स्लॅब दाखवा." ते गेले ते गेलेच.

आमचे मालक भैयाजी तापले. "मॅडम, तुमी माल विकून राहिल्या का गिऱ्हाईक हाकलून राहिल्या?"

"अहो, स्लॅब खचला तर?"

"खचला तर टाइल्स घ्याले आपल्याकडेच येतीन ना!"

एम.एस्सी.त हे शिकवलं नव्हतं!

*

पण माझा खरा तंटा झाकणाचा. टबाला कुलपाचं झाकण येतं, पण ते वेगळं घ्यावं लागे, आणि भैयाजींचा हुकूम होता, "झाकणाचं नाव काढाचं नाही. गिऱ्हाईक भेते!" घरात लहान मूल आणि भरलेला उघडा टब, हे मला पटणारं नव्हतं. मी प्रत्येकाला सांगायचीच.

एकदा पाळणाघराला सुटी होती. मुलीला कुठे ठेवणार? डिस्प्लेच्या कोरड्या टबात सतरंजी टाकून, खेळणी देऊन बसवलं. काठ उंच, बाहेर येता येत नाही. आणि शेजारीच उभी राहून एका गिऱ्हाइकाला बजावत होते, "सर, मुलं अशी नजर चुकवून जातात! झाकण घ्याच."

त्यानं टबात डोकावून पाहिलं. "मॅडम, हे लेकरू कोनाचं?"

"माझं."

"मंग मले कावून भेवाडून राहिल्या?"

"हा कोरडा आहे!" मी ओरडले. पण भैयाजींच्या हसण्यात ते कुणाला ऐकूच गेलं नाही. घरी जाईपर्यंत मी मनातल्या मनात ओरडत होते, 'कोरडा होता, कोरडा होता!'

*

मी रजेवर असताना भैयाजींनी एक टब झाकणाशिवाय खपवला. महिन्याभरात त्या घरच्या कर्त्या मुलाची तक्रार आली : बुडबुडे येत नाहीत. आमचे फिटर सलीमभाई निघाले. त्या घरात लहान मुलगी आहे हे कळलं, म्हणून मीही गेले.

सलीमभाईंनी बटणाला हात लावला मात्र, तक्रार करणाऱ्याची आई किंचाळली, "ए भाऊ! प्याचं पाणी हाय ते!"

टब काठोकाठ भरलेला. काठावर ओगराळं अडकवलेलं.

"अम्मा, ये टब है, टंकी नहीं," सलीमभाई म्हणाले.

"टाकीत एवढं पाणी मायते का? याच्यात आठ दिवसाचं मायते!"

वर झाकण म्हणून साडी पसरलेली, साडीवर पापड वाळत घातलेले. आणि दोन वर्षांची नात पाटावर चढून, टाचा उंच करून ती साडी ओढत होती!

मी पोरीला उचललं आणि माझा तोल सुटला. "आजी, पापडांना जपता, हिला कोण जपणार?"

"एवढं काय झालं बाई? आमी घरातच तर रायतो!"

शोरूमला येऊन मी भैयाजींना सांगितलं, "आज झाकण बसलं पाहिजे. नाहीतर उद्यापासून मी येणार नाही." त्यांनी 'नका येऊ' म्हटलं असतं तर? पण त्याच दुपारी सलीमभाईंनी झाकण बसवलं आणि किल्ली आजींच्या हातात दिली. मी पहिल्यांदाच घरी छाती काढून गेले.

*

पुढच्या आठवड्यात त्याच घरची सून रिक्षातून शोरूमच्या दारात उतरली. कडेवर तीच पोरगी, टॉवेलात गुंडाळलेली, डोक्यावर शिकेकाईचा फेस वाळून पापुद्रे निघालेले.

मी धावत गेले. "काय झालं? पोरगी बरी आहे ना?"

"ते बरी हाय," सून माझ्याकडे रोखून बघत म्हणाली. "मॅडम, त्या कुलपाची दुसरी किल्ली भेटते का? सासूबाई कंबरेले खोचून कौंडण्यपूरच्या जत्रेले गेल्या!"