ताईच्या पायाखालचं बटण

माझे भाऊजी सत्यजित लखनौच्या औषध संशोधन संस्थेतून निवृत्त झाले, तरी त्यांच्या अंगातली प्रयोगशाळा काही गेली नाही. इंदिरा नगरच्या घरात मिक्सर अडला की ते "एका वेळी एकच गोष्ट बदलायची" म्हणत आधी प्लग, मग भांडं, मग पातं असे क्रमाने जातात, आणि तोवर चटणी खलबत्त्यात कुटून झालेली असते. माणूस मात्र सोन्यासारखा. कधी चिडत नाही, हाच आम्हा बाकीच्यांना ताप.

मी अनघा, त्यांची मेहुणी. नवऱ्याची हवाई दलातली शेवटची बदली लखनौला झाली, आणि आम्ही अलीगंजला राहिलो ते राहिलोच. मुक्ताताई माझी थोरली बहीण. कथकच्या या शहरात ती घराच्या बैठकीत भरतनाट्यम शिकवते. सुरुवातीला लोक हसले. आता मुलींना जागा मिळायला थांबावं लागतं.

यंदा ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ती खुर्चीवर बसून शिकवू लागली, पण गाणी वाजायची कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर. ओळीओळीला गाणं थांबवायचं, म्हणजे दरवेळी उठणं आलं. भाऊजींनी पायाने दाबायचं एक बटण आणलं आणि त्यासाठी छोटी स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या चार सूचना, लिहिली. ताईने बटण दाबलं की कॉम्प्युटरला वाटायचं, कुणीतरी कीबोर्डवरची स्पेसची पट्टी दाबली. स्पेस दाबली की गाणं थांबतं. पहिल्या दिवशी ताई लहान मुलीसारखी उगाच दाबून बघत बसली.

मग ते रुसलं. कधी थांबायचं, कधी नाही. गाणं पुढे पळतंय, मुली हात वर धरून गोंधळल्यात, आणि ताई बटणावर पाय आपटतेय. एकदा वैतागून झटक्यात उठली आणि कळवळून खाली बसली. त्या संध्याकाळी म्हणाली, "शनिवारपर्यंत हे नीट झालं नाही तर मी क्लास बंद करते. मुलींसमोर असं लाचार बसणं मला जमायचं नाही." त्या रात्री भाऊजी अर्धेच जेवले. क्लास बंद झाला तर ताईचं काय होईल, याची मलाही धास्ती वाटली.

दुसऱ्या दिवशी भाऊजींचा प्रयोग सुरू झाला. आधी बटण बदललं, मग वायर, मग स्क्रिप्टमधल्या ओळी. प्रत्येक बदलानंतर ते गाण्यांचं अॅप उघडून "दाब बघू" म्हणायचे, आणि गाणं मुकाट्याने थांबायचं. ते आत गेले, क्लास सुरू झाला, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

"तुम्हाला घाबरतं ते," मी म्हणाले. त्यांनी त्यावरही गंभीरपणे विचार केला.

शुक्रवारी क्लास सुटायच्या वेळी मी तिथेच होते. मुलींना न्यायला आलेले वडील दाराशी उभे होते, भाऊजीही त्यांच्यातच. ताईला उठायला हात हवा होता. ती भाऊजींना कधी नावाने हाक मारत नाही. घरात 'अहो', आणि इथे इतकी वर्षं काढल्यावर चारचौघांत 'सुनिए'.

"सुनिए," ती म्हणाली.

दारातले सगळे वडील वळले. एक तर लगबगीने पुढे आला. "जी मैम?"

वळले नाहीत ते फक्त भाऊजी. त्यांना वाटलं, ती कुणा पालकाला बोलावतेय. मी हसत सुटले, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. त्या पुढे आलेल्या माणसाकडे ते बघतच राहिले.

"अनघा, हेच होतंय," ते म्हणाले आणि ताईला तशीच सोडून कॉम्प्युटरकडे गेले. हात मला द्यावा लागला.

पडद्यावर पालकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप उघडा होता. मोबाइलवरची अक्षरं दिसत नाहीत, म्हणून ताई दोन गाण्यांच्या मध्ये तिथे निरोप वाचते. निरोप लिहायच्या चौकटीत एकही अक्षर नव्हतं, तरी कर्सर पार मधोमध लुकलुकत होता. ताईने पायाने दिलेले सगळे हुकूम तिथे कोऱ्या जागा होऊन पडले होते. पडद्यावर जो समोर असेल, त्यालाच स्क्रिप्टची हाक जात होती. भाऊजी तपासायला बसले की आधी गाण्यांचं अॅप समोर आणायचे, म्हणून त्यांच्यापुढे सगळं सुरळीत. एका वेळी एकच गोष्ट बदलणारा हा माणूस दुसरी गोष्ट रोज स्वतःच्या हाताने बदलत होता. काखेत कळसा नि गावाला वळसा.

"नुसतं सुनिए म्हणून भागणार नाही," ते ताईला म्हणाले. "अॅपला नाव घेऊनच सांगायला हवं."

जेवणाआधी त्यांनी स्क्रिप्ट तशी बदलली. आता समोर काहीही उघडं असो, हुकूम गाण्यांच्या अॅपलाच जाणार होता.

शनिवारी ताईने मुद्दाम ग्रुप उघडा ठेवला आणि बटण दाबलं. गाणं थांबलं. मग तिने मुलींना असं नाचवलं, की शेवटी त्याच पाणी मागू लागल्या. ऑपरेशननंतर तिचा तो चढा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला, आणि मला फार बरं वाटलं.

क्लास सुटला. दाराशी पुन्हा वडीलमंडळींची गर्दी. भाऊजी खिडकीपाशी चहा घेत कुणाशी तरी बोलत होते. ताईने त्यांच्याकडे पाहिलं.

"सत्यजित," ती म्हणाली, "जरा हात द्या."

तिच्या तोंडून ते नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं. दारातल्या एकाही माणसाने मान वळवली नाही. भाऊजींचे कान लाल झाले. त्यांनी कप खिडकीत ठेवला आणि ते आले.