फाटकातली खाट

वाडीतल्या माझ्या खोलीसमोर ट्रान्सपोर्टचं गोदाम आहे. शेजारच्या काकूंचं नाव मी कधी विचारलं नाही. दवाखान्यातली रात्रपाळी करून त्या दुपारी दारातल्या खाटेवर झोपतात, नेमक्या ट्रक मागे घ्यायच्या वेळी. विहारात शिकल्याप्रमाणे पोटावर तळहात ठेवून श्वास पाहत पडतात. हॉर्न वाजला की ओठ हलतात, "आला... गेला." थोड्या वेळानं चक्क घोरतात.

मला वाटायचं, बाई सोशीक आहे. एकदा मात्र झोपून उठल्यावर त्यांनी खाट ओढत थेट गोदामाच्या फाटकात नेली आणि चहाचा ग्लास घेऊन वर बसल्या. ट्रक अडला. ड्रायव्हरनं हॉर्न दाबून धरला. काकूंनी पोटावर हात ठेवला आणि चहाचा घोट घेतला.

शेवटी तोच खाली उतरला. "काकू, सरका ना!"

"क्लीनरले मागं उभा कर, त्याच्या हाताच्या इशाऱ्यावर ट्रक घे. हॉर्न काहून पाहिजे तुले?"

क्लीनर मागे जाऊन उभा राहिला. काकूंना खाट उचलू लागताना मी म्हणालो, "काकू, ध्यानही करता आणि भांडताही?"

"ध्यान झोपेसाठी हाय गा," त्या म्हणाल्या. "आता मी जागी आहो."